औषधांची आणेवारी

अमरावती आणि अकोला या जिल्ह्यांतील शेतकऱ्याला आणेवारी म्हणजे काय हें सांगावयास नको. सरकारी कागदांत आतां तिला पैसेवारी म्हणतात, आणि ती पन्नास पैशांच्या आंत आली म्हणजे टंचाईच्या सवलतींची वाट मोकळी होते. जुन्या काळीं ही आणेवारी केवळ नजरेनें ठरत असे. बांधावर उभें राहावयाचें, शेतावरून नजर फिरवावयाची, आणि पीक बारा आणे कीं सहा आणे हें सांगून टाकावयाचें. या पद्धतींतील खोड कोणाच्याहि लक्षांत येण्यासारखी आहे. रस्त्यालगतचें शेत दिसतें, नाल्यापलीकडचें दिसत नाहीं. पाहणाऱ्याला सारा वसूल करावयाचा असेल तर पीक भरघोस दिसतें. सूट मागावयाची असेल तर तेंच पीक विरळ दिसतें. लबाडी कोणी केली नाहीं तरी आंकडा लबाड निघतो.

म्हणून १९४० नंतरच्या दशकांत पानसे, सुखात्मे यांच्यासारख्या संख्याशास्त्रज्ञांनीं पीक कापणीच्या प्रयोगांची शास्त्रीय रीत आपल्या देशांत बसविली. चिठ्ठी टाकावी त्याप्रमाणें गांव निवडावयाचें, त्यांतील शेत निवडावयाचें, शेतांतील ठराविक मापाचा तुकडा आंखावयाचा, आणि त्या तुकड्याचें उत्पन्न प्रत्यक्ष तराजूंत घालावयाचें. कपाशी असेल तर सीतादहीच्या पहिल्या बोंडांपासून शेवटच्या वेचणीपर्यंत प्रत्येक वेळचा कापूस तोलावयाचा. अशा रीतीनें निघालेला आंकडा कोणाच्या आवडीचा असो वा नसो. तो शेताचा असतो, पाहणाऱ्याचा नसतो.

औषधांनाहि अशीच आणेवारी लागते. ती करणारे लोक औषधांच्या कारखान्यांत असतात, तसेच त्यांच्या बाहेरहि असतात. त्यांना साथरोगतज्ज्ञ म्हणतात. त्यांचें काम काय, तें आपल्याकडे कोठून सुरू झालें, आणि वऱ्हाडांतील सामान्य माणसाचा त्याच्याशीं संबंध काय, एवढेंच या भाषणांत पाहावयाचें आहे.

साथरोगतज्ज्ञ या नांवावरून हा मनुष्य केवळ पटकी, देवी, प्लेग यांच्या मागावर फिरत असेल, अशी समजूत होते. वस्तुतः मधुमेह, हृदयविकार, कर्करोग हेहि त्याच्या अभ्यासाचे विषय आहेत. वैद्य एका रोग्याकडे पाहतो. हा मनुष्य हजार माणसांकडे एकदम पाहतो, आणि त्यांतील निरोगी माणसांकडे अधिक बारकाईनें पाहतो. शाळेंतील अपूर्णांकाच्या भाषेंत सांगावयाचें तर, आजारी पडलेल्यांची संख्या हा अंश आणि ज्यांच्यांतून ते आजारी पडले त्या सर्वांची संख्या हा छेद. अंश सर्वांना दिसतो. छेद शोधून काढावा लागतो. एखाद्या गांवीं औषध घेतलेलीं दहा माणसें दगावलीं, असें ऐकलें कीं आपण औषधाला दोष देतों. दहा माणसें बरीं झालीं, असें ऐकलें कीं त्याला यश देतों. परंतु औषध घेतलें किती जणांनीं? न घेतलेल्यांतून बरे झाले किती, आणि दगावले किती? हे प्रश्न विचारल्याविना केलेली स्तुति आणि निंदा, दोन्ही बांधावरून केलेल्या आणेवारीसारख्याच होत.

औषधनिर्मिति आणि ही मोजणीची विद्या यांची गांठ आपल्या प्रांतांत पडली ती १८९६ सालच्या प्लेगमध्यें. त्या वर्षीच्या ऑक्टोबरांत वाल्डेमार हाफकिन हे शास्त्रज्ञ मुंबईस आले. ओडेसा हें त्यांचें जन्मगांव. पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत त्यांनीं पटकीची लस तयार केली होती. ग्रँट मेडिकल कॉलेजांतील लहानशा जागेंत त्यांनीं प्लेगची लस सिद्ध केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःला टोंचून घेतली. त्यानें त्यांचें धैर्य सिद्ध झालें; लसीचा गुण सिद्ध झाला नाहीं. एकटा मनुष्य टोंचून घेऊन सुखरूप राहिला, इतकेंच त्यावरून कळतें.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगांत प्लेग शिरला. तेथील सुमारें अर्ध्या कैद्यांनीं स्वेच्छेनें लस घेतली. पुढें हिशेब झाला तो असा: न टोंचलेल्या सुमारें पावणेदोनशे कैद्यांपैकीं १२ जणांना प्लेग झाला आणि त्यांतील ६ दगावले, टोंचलेल्या सुमारें दीडशे कैद्यांपैकीं २ जणांना रोग झाला आणि दगावला कोणीच नाहीं. हे आंकडे आशादायक होते, तरी चिकित्सक मनाचें समाधान करणारे नव्हते. ज्यांनीं आपण होऊन दंड पुढें केला, ते मुळांतच अधिक धडधाकट असले तर? त्यांच्या कोठड्या निराळ्या असल्या तर?

या शंकेचें उत्तर बडोदें संस्थानांतील उंधेरा या खेड्यांत मिळालें. फेब्रुवारी १८९८ मध्यें, गांवांत प्लेग असतांना, तेथील लोकांना कुटुंबवार उभें करून प्रत्येक घरांतील सुमारें अर्ध्या माणसांना लस टोंचण्यांत आली. छप्पर एक, चूल एक, उंदीर तेच. भेद काय तो लसीचा. नंतर ज्या घरांत प्लेग शिरला त्या घरांचा हिशेब काढला. त्यांतील टोंचलेल्या ७१ जणांपैकीं ८ आजारी पडले आणि ३ वारले. न टोंचलेल्या ६४ जणांपैकीं २७ आजारी पडले आणि २६ वारले. या दोन ओळींनीं लसीची जी आणेवारी ठरली ती शंभर प्रशस्तिपत्रांनींहि ठरली नसती.

परंतु हे आंकडे वाचतांना अंगावर कांटा येतो, तो यावयासच हवा. त्या घरांतील न टोंचलेल्या आयांचीं, मुलांचीं, म्हाताऱ्यांचीं नांवें त्या २६ मध्यें आहेत. लसीचा गुण ठाऊक नव्हता म्हणूनच मोजणी करावयाची होती, आणि मोजणी झाली म्हणूनच पुढें लक्षावधि माणसांना ती विश्वासानें देतां आली, हें खरें. तरीहि ज्यांनीं मोजमापाचें मोल प्राणांनीं दिलें त्यांना कोणी नीट विचारलें होतें काय, हा प्रश्न उरतोच. आज असा प्रयोग करावयाचा झाल्यास प्रत्येक माणसाची समजून-उमजून दिलेली संमति घ्यावी लागते, नीतिसमितीची परवानगी लागते, आणि एका बाजूचा लाभ निर्विवाद दिसूं लागला तर प्रयोग मध्येंच थांबवून दुसऱ्या बाजूलाहि औषध द्यावें लागतें. हे नियम कागदी उपचार नव्हेत. उंधेऱ्यासारख्या घरांचें तें ऋण आहे.

या विद्येचा दुसरा उपयोग चार वर्षांनीं कळून आला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मुल्कोवाल या गांवीं १०७ जणांना हाफकिन यांची लस टोंचली, आणि त्यांतील १९ जण धनुर्वातानें वारले. मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठपका आला. हाफकिन यांना कामावरून दूर करण्यांत आलें. आतां येथेंहि अंश आणि छेद मांडून पाहावे. त्या दिवशीं लसीच्या पांच बाट्ल्या उघडल्या होत्या. वारलेले सर्वच्या सर्व एकाच बाटलीचे. बाकीच्या चार बाट्ल्यांतून ज्यांना टोंचलें त्यांतील एकालाहि धनुर्वात झाला नाहीं. म्हणजे दोष लसीच्या कृतींत नव्हता. जें घडलें तें एका बाटलीपुरतें घडलें. ती बाटली भरल्यास बरेच दिवस होऊन गेले होते. विष आधींपासून आंत असतें तर उघडतांना तिला घाण सुटली असती. पुढें असें निष्पन्न झालें कीं, बूच काढण्याचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करतां तसाच वापरण्यांत आला होता. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनीं जाहीरपणें पाठपुरावा केल्यावर १९०७ सालीं हाफकिन निर्दोष ठरले. पांच वर्षें एका शास्त्रज्ञाची अब्रू आणि एका गुणकारी लसीवरील लोकांचा विश्वास टांगणीस लागला होता. परळ येथील त्या प्रयोगशाळेला १९२५ सालीं त्यांचेंच नांव देण्यांत आलें. प्लेगनें वऱ्हाडांतहि फेरे घातले. लोक घरें सोडून शेतांत झोपड्या घालून राहिले. लस टोंचून घ्यावी कीं न घ्यावी याचा निर्णय त्यांना तुरुंगांतील आणि परक्या गांवांतील या हिशेबांवर भरंवसा ठेवूनच करावा लागला.

आज औषधांचा व्यवसाय केवढा तरी वाढला आहे. एकट्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमधून जगांतील कितीतरी देशांना लसी जातात. अशा मोठ्या उद्योगांत साथरोगतज्ज्ञाला स्थूलमानानें तीन कामें असतात. औषध करण्यापूर्वीं, रोग कोणाला होतो, किती जणांना होतो, कोणत्या वयांत होतो, हें शोधावयाचें. औषध तयार झाल्यावर, त्याची परीक्षा कशी घ्यावी, किती माणसांवर घ्यावी, बरोबरी कशाशीं करावी, हें ठरवावयाचें. आणि औषध बाजारांत गेल्यावर, परीक्षेंत न दिसलेला अपाय कोठें डोकें वर काढीत नाहीं ना, यावर पहारा ठेवावयाचा. या तिन्ही कामांचें स्वरूप एकाच उदाहरणावरून ध्यानांत येईल.

लहान मुलांच्या तीव्र अतिसाराचें एक मोठें कारण रोटा नांवाचा विषाणु. त्यावर १९९८ सालीं अमेरिकेंत एक लस निघाली, आणि पुढल्याच वर्षी ती मागें घ्यावी लागली. सुमारें दहा हजार बालकांत एकाला तिच्यामुळें आंतड्यांत आंतडें शिरण्याचा भयंकर विकार होतो, असें आढळून आलें. विक्रीपूर्वीच्या परीक्षा सुमारें दहा हजार मुलांवर झाल्या होत्या. दहा हजारांत एकदां घडणारी गोष्ट दहा हजारांच्या परीक्षेंत ठामपणें कशी दिसावी? विहिरींत एकच मासा असेल तर एका घागरींत तो सांपडला नाहीं म्हणून विहीर रिकामी म्हणतां येत नाहीं. म्हणून पुढल्या दोन लसींच्या परीक्षा प्रत्येकीं साठ हजारांहून अधिक मुलांवर झाल्या.

या पुढल्या लसींनीं युरोपांत उत्तम काम केलें. पण आफ्रिकेंतील मलावी देशांत त्यांतील एकीचा गुण सुमारें ४९ टक्केच भरला. औषध तेंच, माप निराळें. काळ्या जमिनींत उतरणारें बियाणें बरड जमिनींत तितकें उतरत नाहीं, हें वऱ्हाडच्या शेतकऱ्याला सांगावयास नको. लसीचेंहि तसेंच आहे. पोषण, पाणी, आंतड्यांतील इतर जंतु, यांच्यामुळें तिचा गुण पालटतो. म्हणून आपल्या देशीं जी लस तयार झाली तिची परीक्षा आपल्याच मुलांवर घेणें अवश्य होतें. दिल्लीच्या वैद्यकीय संस्थेंत १९८५-८६ मध्यें नवजात बालकांत सांपडलेल्या विषाणूपासून हैदराबादच्या भारत बायोटेक कंपनीनें ती केली. २०११ पासून दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याजवळील वढू या तीन ठिकाणीं ६,७९९ बालकांवर तिची परीक्षा झाली. पहिल्या वर्षांत तीव्र विकारापासून सुमारें ५६ टक्के संरक्षण मिळतें, असें निघालें. सोळा आणे नव्हे, नऊ आणे. परंतु खरे नऊ आणे. ज्या देशांत अतिसारानें मुलें दगावतात तेथें नऊ आण्यांचें मोल फार आहे. त्या आंकड्याच्या बळावर २०१६ पासून ती लस राष्ट्रीय कार्यक्रमांत आली. नऊ आण्यांना चौदा आणे म्हणून विकण्याचा मोह टाळला गेला, यांतच मोजणाऱ्याची कामगिरी आहे.

आतां प्रत्यक्ष वऱ्हाडाकडे वळावें. फेब्रुवारी २०२१ मध्यें देशाच्या इतर भागांत कोरोनाची साथ ओसरल्यासारखी वाटत असतां अमरावती व अकोला येथें रुग्णांचे आंकडे झपाट्यानें चढूं लागले. २२ फेब्रुवारीपासून अमरावती आणि अचलपूर येथें टाळेबंदी लागली. अकोल्यांतहि निर्बंध आले. लग्नसराईचा दोष, लोकांच्या बेफिकिरीचा दोष, अशीं नेहमींचीं कारणें सांगण्यांत आलीं, आणि त्यांत कांहीं तथ्य असेलहि. परंतु अमरावतीसह राज्यांतील ठिकठिकाणचे नमुने तपासतां पुण्याच्या राष्ट्रीय विषाणु संस्थेला विषाणूच्या बाह्य कांट्यांत नवे पालट झालेले आढळले. त्या कुळाला बी.१.६१७ असें नांव मिळालें. त्याच कुळाच्या एका शाखेला ३१ मे २०२१ रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें डेल्टा म्हटलें. तोंपर्यंत त्या शाखेनें देशभर हाहाकार करून सोडला होता.

औषधनिर्मात्यांच्या दृष्टीनें या घटनेचा अर्थ काय? कोव्हिशील्ड लसीचा गुण ज्या परीक्षांनीं ठरला त्या २०२० सालच्या. त्या वेळीं रोगाचें रूप निराळें होतें. म्हणजे माप घेतलें एका शेताचें, आणि पेरणी व्हावयाची दुसऱ्याच शेतांत. १६ जानेवारी २०२१ पासून देशांत लसीकरण चालू झालें होतें. वऱ्हाडांत साथ उसळली तेव्हां लस आरोग्यसेवक आणि इतर कांहीं कर्मचारी यांच्यापुरतीच होती. नव्या रूपापुढें ती कितपत टिकते, हें पुन्हां मोजावें लागलें. इंग्लंडांत तीच लस निराळ्या नांवानें चालू होती. तेथील साथरोगतज्ज्ञांनीं काढलेला हिशेब असा: लक्षणें दिसणाऱ्या डेल्टा-विकारापासून एका मात्रेनें सुमारें ३० टक्के, दोन मात्रांनीं सुमारें ६७ टक्के संरक्षण. एका मात्रेचा तो लहानसा आंकडा फार महत्त्वाचा होता. डेल्टाच्या भीतीनें मे २०२१ मध्यें इंग्लंडनें पन्नाशीपुढील माणसांसाठीं दोन मात्रांतील अंतर आठ आठवड्यांवर आणलें. आपल्याकडे त्याच महिन्यांत तें बारा ते सोळा आठवड्यांवर नेलें. अंतर लांबविल्यानें संरक्षण अधिक बळकट होतें, यालाहि आधार होता. पण तोंपर्यंत अर्ध्या संरक्षणावर राहणाऱ्यांचें काय, हाहि प्रश्न खरा होता. मोजणारा आंकडा देतो, निर्णय राज्यकर्त्याला घ्यावा लागतो; परंतु आंकडाच नसेल तर निर्णय हा केवळ कौल ठरतो.

विक्रीनंतरच्या पहाऱ्याचें उदाहरणहि याच लसीचें आहे. मार्च २०२१ मध्यें युरोपांतून अशा वार्ता आल्या कीं, ही लस घेतल्यावर अगदीं थोड्या लोकांच्या रक्तांत विचित्र गुठळ्या होतात. आपल्या सरकारच्या समितीनें ४९८ गंभीर प्रकरणें तपासलीं, आणि मे २०२१ मध्यें जाहीर केलें कीं त्यांतील २६ प्रकरणें कोव्हिशील्डनंतरच्या गुठळ्यांचीं असण्याचा संभव आहे. प्रमाण दहा लक्ष मात्रांमागें ०.६१. त्याच वेळीं इंग्लंडांत हें प्रमाण दहा लक्षांमागें ४, आणि जर्मनींत १० असें सांगण्यांत येत होतें. कोरोनानें होणारे मृत्यु ध्यानांत घेतां लसीचा लाभ कितीतरी मोठा होता, याविषयीं शंका नाहीं. पण या तीन आंकड्यांतील तफावत कशाची? आपल्या लोकांच्या रक्ताचा गुणधर्म निराळा असूं शकेल. दक्षिण आशियाच्या लोकांत असा विकार मुळांतच कमी, असें समितीनेंहि नमूद केलें. परंतु दुसरीहि एक शक्यता साथरोगतज्ज्ञाला विसरतां येत नाहीं. प्रकरण घडलेंच नाहीं, कीं घडलें आणि नोंदलें गेलें नाहीं?

हा प्रश्न पुण्याच्या कारखान्यांत सुटत नाहीं. तो चिखलदऱ्याच्या उपकेंद्रांत सुटतो, बाळापूर आणि दर्यापूरच्या दवाखान्यांत सुटतो. परिचारिकेनें वहींत लिहिलेली एक ओळ, डॉक्टरानें भरलेला एक नमुना, यांचाच शेवटीं देशाचा आंकडा होतो. औषधांचे दुष्परिणाम गोळा करण्याची राष्ट्रीय योजना २०१० पासून चालू आहे. तिचें केंद्र गाझियाबादच्या औषधकोश आयोगाकडे आहे, आणि १८००-१८०-३०२४ या बिनखर्चाच्या दूरध्वनीवर कोणीहि सामान्य मनुष्य माहिती देऊं शकतो. औषध घेतल्यावर अंगावर पित्त उठलें, चक्कर आली, लघवी लाल झाली, तर आपण औषध फेकून देतों आणि नशिबाला बोल लावतों. कळवीत मात्र नाहीं. न कळविलेलें दुखणें हें नाल्यापलीकडच्या शेतासारखें होय. तें बुडालें तरी आणेवारींत दिसत नाहीं.

आतां या विषयांतील सर्वांत अवघड गोष्ट. हा मोजणारा मनुष्य पुष्कळदां औषध करणाऱ्याचाच पगारी नोकर असतो. सावकाराचा कारकून सावकाराचें खातें तपासतो, तशांतला हा प्रकार. त्याचा आंकडा धन्याला प्रतिकूल निघाला तर?

या भीतीला इतिहासाचा आधार आहे. मर्क या अमेरिकन कंपनीचें व्हायॉक्स नांवाचें सांधेदुखीवरील औषध १९९९ पासून बाजारांत होतें. २००० सालीं सुमारें आठ हजार रुग्णांवरील परीक्षेंत असें दिसलें कीं, बरोबरीच्या जुन्या औषधापेक्षां हें औषध घेणाऱ्यांत हृदयविकाराचे झटके अधिक आहेत. या आंकड्यांचे दोन अर्थ संभवत होते. नवें औषध हृदयाला अपाय करतें, हा एक. जुनें औषध हृदयाचें रक्षण करतें, हा दुसरा. कंपनीनें दुसरा अर्थ पुढें केला. चार वर्षांनीं, ज्या परीक्षेंत बरोबरीला कोणतेंहि औषध नव्हतें अशा परीक्षेंत, पहिला अर्थ खरा ठरला, आणि ३० सप्टेंबर २००४ रोजीं कंपनीनें औषध जगभरांतून मागें घेतलें. त्याच मूलद्रव्याच्या गोळ्या भारतांतहि अनेक कंपन्या विकीत होत्या. डिसेंबर २००४ मध्यें सरकारनें त्यांवर बंदी घातली. या चार वर्षांत आंकडे लपून राहिलेले नव्हते. ते छापलेले होते. अर्थ मात्र विकणाऱ्याच्या सोईचा लावला गेला. बांधावर उभें राहून पाहणाऱ्याची जी खोड, तीच येथें तराजू हातांत असूनहि शिरली.

म्हणून कारखान्यांत साथरोगतज्ज्ञ नसावा काय? असें म्हणणें बरोबर होणार नाहीं. कारखान्याचें पहिलें खरें वर्तमान त्यालाच कळतें, आणि वेळेवर बोलला तर तोच अनर्थ टाळूं शकतो. तो नसेल तर धन्याजवळ केवळ विक्रेत्यांचे आंकडे उरतील. उपाय आहे तो त्याला उघड्यावर बसविण्याचा. परीक्षा घेण्यापूर्वीं ती कशी घेणार हें जाहीर करणें भाग पडलें, तर नंतर सोईचा अर्थ लावणें कठीण जातें. आपल्या देशांत २००९ पासून अशी नोंद सार्वजनिक नोंदवहींत करणें आवश्यक झालें आहे. परीक्षा चालूं असतां आंकडे पाहण्याचें काम कंपनीबाहेरील मंडळाकडे असावें. नवें औषध विकूं लागल्यावर पहिलीं दोन वर्षें दर सहा महिन्यांनीं आणि पुढील दोन वर्षें दर वर्षी त्याच्या अपायांचा अहवाल सरकारास दिला पाहिजे, असा २०१९ च्या नियमांत दंडक आहे. आणि या सर्वांच्या जोडीला विद्यापीठांतील व सरकारी संस्थांतील असे साथरोगतज्ज्ञ हवेत, ज्यांची भाकरी औषधाच्या खपावर अवलंबून नाहीं. एकाच शेताचें माप दोघांनीं घेतलें आणि दोन्ही मापें जुळलीं, म्हणजे शेतकऱ्याचा विश्वास बसतो.

वऱ्हाडांतील माणसाला या कामांत दोन वेळां भाग घ्यावा लागतो. औषध घेतांना तो छेदांत असतो. अपाय झाला तर अंशांतहि जातो. एखाद्या परीक्षेसाठीं त्याची किंवा त्याच्या मुलाची सही मागण्यांत आली, तर त्यानें तीन गोष्टी अवश्य विचाराव्या: मला औषध मिळणार कीं नुसतें पाणी, हें कोण ठरविणार? अपाय झाल्यास उपचार आणि भरपाई कोण देणार? आणि निकाल मला कळणार काय? हे प्रश्न विचारण्याचा त्याला कायद्यानें अधिकार आहे. उत्तर मिळालें नाहीं तर सही न करण्याचाहि आहे. आणि सही केल्यावरहि, कोणत्याहि टप्प्यावर, कारण न देतां बाहेर पडण्याचा आहे.

उंधेऱ्याच्या त्या ६४ माणसांजवळ यांतलें कांहींहि नव्हतें. त्यांच्या हिशेबाच्या दोन ओळी मात्र सव्वाशे वर्षें टिकल्या आहेत.